बेळगाव-खानापूर भागात गाईडचं काम करायचंय? सविस्तर सांगतो

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मराठी माध्यमातनं शिकल्यात, इतिहास घेऊन बीए झालंय, घर सोडून पुण्या-मुंबईला जायचं नाही. विचारतायत की बेळगाव भागात टुरिस्ट गाईडचं काम जमेल का, कोर्स कुठला करायचा, कन्नड कच्चं आहे ते चालतंय का, आणि शेवटी खरा प्रश्न, यात पोट भरतंय का. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, बेळगावचा किल्ला, हलशी, कित्तूर, गोकाक असं फिरवतो, ग्रुप मराठी पण असतात, कन्नड पण, गोव्याचे पण. त्यामुळं जरा लांबच उत्तर देतो, निवांत वाचा.

आधी पोटाचंच बोलू. काम आहे, पण बारा महिने नाही. दिवाळी झाली की शाळांच्या सहली सुरू होतात, कोल्हापूर-सांगली-निपाणीकडनं बस भरभरून येतात, ते फेब्रुवारीपर्यंत चालतं. मार्च ते मे ऊन आणि लग्नसराई. पावसाळ्यात गर्दी भरपूर, गोकाकला, चोर्ला घाटात, वज्रपोह्याला, पण त्या गर्दीला गाईड नको असतोय, पाणी बघायचं, कणीस खायचं, फोटो काढायचे आणि परत. सौंदत्तीच्या यल्लम्माला लाखो लोक जातात, ते देवाला जातात, इतिहास ऐकायला नाही, आणि त्यात काही चूक पण नाही. म्हणजे नुसत्या गाईडिंगवर पहिली काही वर्षं घर चालणार नाही हे धरूनच चाला. सोबत काहीतरी हवं, शिकवणी असू दे, कुणाच्या ट्रॅव्हल ऑफिसमध्ये बुकिंगचं काम असू दे, खानापूर भागात होमस्टे वाढलेत त्यांच्याशी बांधून घेतलेलं काम असू दे. माझ्या ओळखीत जे टिकले ते सगळे असेच टिकलेत, आणि जे फक्त सीझनच्या भरवशावर बसले ते दोन-तीन वर्षांत दुसरीकडं गेले.

आता यातली मेन गोष्ट. आपल्या सीमाभागात गाईडची एकच खरी परीक्षा असते असं माझं पक्कं मत आहे. सकाळी मराठी ग्रुपला जे सांगितलं तेच दुपारी कन्नड ग्रुपला शब्दन् शब्द सांगता आलं पाहिजे. भाषा बदलेल, उदाहरणं बदलतील, गोष्ट बदलायची नाही. हे वाटतं सोपं पण इथं रोज मोह होतो. मराठी मंडळी आली की त्यांना आवडेल ते वाढवून सांगायचं, कन्नड मंडळी आली की त्यांना आवडेल ते, टाळ्या पडतात, टिप पण बरी मिळते. असं करणारे आहेत. पण आपला जिल्हा लहान आहे हो, लोक एकमेकांचे सोयरे आहेत, आज ना उद्या दोन्हीकडची माणसं एकाच ग्रुपमध्ये उभी राहतात आणि मग काय बोलणार? आणि ते सोडा, ज्या दगडासमोर उभं राहून आपण बोलतोय त्याच्यावर तारीख, नाव, दान सगळं कोरलेलं असताना आपण दुसरंच सांगायचं हे मला पटत नाही.

हलशीचंच घ्या, तुम्हाला जवळ पण आहे. नंदगडवरनं पुढं गेलं की हलशी. आज खेडं आहे, पण पाचव्या-सहाव्या शतकात ही पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. इथं सापडलेले ताम्रपट आहेत, फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ते एकोणिसाव्या शतकात वाचून छापले. त्यात काकुस्थवर्मा नावाचा राजा श्रुतकीर्ती सेनापतीला जमीन देतो, कारण त्यानं राजाला वाचवलेलं. पुढं मृगेशवर्मा आपल्या वडिलांच्या आठवणीत इथं जैन मंदिर बांधतो. आणि ताम्रपटांची भाषा संस्कृत. म्हणजे हलशी आमची का तुमची असं भांडत कुणी आलं तर पहिलं हे सांगायचं, शांतपणे, की इथलं सगळ्यात जुनं लिहिलेलं संस्कृतात आहे आणि दान जैनांना आहे. मी बघितलंय, एवढ्या एका वाक्यानं लोकांचा सूर बदलतो, मग खरे प्रश्न सुरू होतात. राजा वैदिक परंपरेचा आणि देवळं जैनांना कशी काय, ताम्रपट म्हणजे नक्की काय, तो कुणाकडं ठेवायचे, तांब्यावरच का. इथनं पुढं तुमचं काम सोपं.

भूवराह-नरसिंहाचं देऊळ त्यानंतरचं, गोव्याच्या कदंबांचं, बाराव्या शतकातलं. आत गेल्यावर घाईघाईनं बोलायला लागू नका. बाहेरच्या उन्हातनं आत आलं की दोन मिनिटं काहीच दिसत नाही, त्या वेळात माणसांना फक्त मध्यभागी उभं करा आणि दोन्हीकडं बघायला सांगा. समोरासमोर दोन गाभारे आहेत, एकाकडं तोंड केलं की दुसऱ्याकडं पाठ होते, असं देऊळ आपल्याकडं सहसा बघायला मिळत नाही. एका बाजूला बसलेला विष्णू, दुसऱ्या बाजूला वराह, माणसाएवढा. डोळे सरावले की लोक आपणहून वराहाकडं सरकतात, ते सरकू द्या, त्यानंतर बोला. लेखाची गंमत तिथंच सांगायची. गोव्याचे कदंब शके न वापरता बऱ्याचदा कलियुगाची वर्षं लिहायचे. इथल्या लेखात कलियुग ४२७० आहे. पोरांना सांगायचं, यातनं ३१०१ वजा करा. सातवी-आठवीची पोरं बोटं मोडत करतात, ११६९ आलं की एकदम ओरडतात. एवढं एक गणित त्यांनी स्वतः केलं की ते साल त्यांच्या डोक्यातनं जात नाही, मी नुसतं "११६९ साली" म्हटलं असतं तर गेटच्या बाहेर जाईपर्यंत विसरले असते. तसंच कित्तूरजवळ देगावला कमलनारायणाचं देऊळ आहे, गोव्याच्या कदंबांचा राजा शिवचित्त पेर्माडी, त्याच्या राणीनं, कमलादेवीनं बांधवलेलं, तीन गाभाऱ्यांचं, आणि ज्यानं बांधलं त्या शिल्पकाराचं नाव पण माहीत आहे, तिप्पोज. राजाचं नाव सगळे सांगतात, तुम्ही तिप्पोजाचं पण सांगत जा. हलशी आणि देगाव एका दिवसात जोडता येतात आणि तो दिवस मला सगळ्यात आवडतो.

बेळगावच्या किल्ल्यात जरा जास्त तयारी लागते. किल्ल्यात आर्मी आहे, त्यामुळं ओळखपत्र सगळ्यांकडं पाहिजे, कॅमेरा कुठं चालतो कुठं नाही हे आधी सांगून ठेवायचं, नायतर गेटवरच मूड जातो. कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ ची, रट्ट घराण्याचा राजा कार्तवीर्य चौथा, त्याचा मंत्री बिचिराज, त्यानं बांधवली. आत नेमिनाथ. छताला मधोमध खाली लोंबणारं दगडी कमळ आहे, त्याच्यावरनंच नाव पडलंय. बहुतेक जण दारातच "वर बघा वर बघा" करतात आणि लोक मान वर करून, फोटो काढून, मोकळे. मी आधी खांब दाखवतो. काळसर गुळगुळीत दगड, चरकावर फिरवल्यासारखे गोल गोल वळे, हात न लावता शेजारी उभं राहिलं तरी त्यात खिडकीचा उजेड दिसतो. खांबावरनं नजर हळूहळू वर जाते आणि कमळावर पोचते, सांगावं लागत नाही. मग सांगायचं, पाकळ्या ७२, कारण २४ तीर्थंकर होऊन गेलेल्या काळातले, २४ आत्ताच्या, २४ येणाऱ्या. जैन मंडळी सोबत असतील तर मी इथं गप्प बसतो आणि त्यांना सांगायची विनंती करतो, ते जे सांगतात ते माझ्यापेक्षा चांगलं असतं.

तिथनं सफा मशीद. साधारण १५१९ ची, विजापूरच्या आदिलशाहीतला सरदार असद खान लारी यानं बांधलेली. आणि मशिदीतल्या खांबांत जुन्या देवळांचे खांब आहेत, दोन खांबांवर कन्नड लेख आहेत, एक ११९९ चा, त्याच कार्तवीर्य चौथ्याचा, दुसरा १२६१ चा, देवगिरीच्या यादव कृष्णाच्या काळातला. ताई, इथं तुमची परीक्षा. काही गाईड हा विषय टाळतात, मशीद लांबनंच दाखवतात. काही जण इथं मुद्दाम आवाज चढवतात. दोन्ही मला चुकीचं वाटतं. जे आहे ते सरळ आवाजात सांगायचं, खांब देवळाचे आहेत, लेख आहेत, मशीद पाचशे वर्षं उभी आहे, लोक नमाज पढतात, आत जाताना त्यांची वेळ आणि परवानगी बघायची. आणि लेखाकडं लोकांचं लक्ष न्यायचं. कारण बघा, यादव म्हटलं की मराठी माणसाला आपले वाटतात, ज्ञानेश्वरीचा काळ, देवगिरी. त्याच यादवांच्या काळातला लेख बेळगावात कन्नडमध्ये आहे. म्हणजे तेव्हाच्या राज्यकर्त्याला जिथं जी भाषा चालायची तिथं ती वापरायला काही अडचण नव्हती. हे मी कुणाला टोमणा म्हणून सांगत नाही, मला स्वतःला ते फार मोलाचं वाटतं, आणि दोन्हीकडचे लोक हे ऐकून घेतात, चिडत नाहीत.

चिडायचा विषय म्हणजे बेलवडी. बैलहोंगल तालुक्यातलं गाव. शिवाजी महाराज दक्षिणेच्या स्वारीवरनं परत येताना इथल्या गढीला वेढा पडला आणि देसाईण लढली. मराठी पुस्तकांत तिचं नाव सावित्रीबाई येतं, कन्नडमध्ये ती बेळवडी मल्लम्मा. एकदा माझ्या गाडीत कोल्हापूरचं एक कुटुंब आणि त्यांचे हुबळीचे व्याही असे एकत्र होते. कित्तूरहून येताना विषय निघाला आणि दहा मिनिटांत आवाज चढले, तुमच्यात असं सांगतात, आमच्यात तसं सांगतात. मी गाडी चहाला थांबवली. आणि एवढंच म्हटलं की धारवाडजवळ यादवाडला एक कोरीव दगड आहे, तो याच प्रसंगाचा मानतात, महाराज बसलेत आणि मांडीवर लहान मूल आहे. म्हणजे लढाई झाली, बाई लढली, आणि शेवट मान राखण्यात झाला असं इथल्याच लोकांनी दगडात कोरून ठेवलं. वेढा किती दिवस चालला, आत काय बोलणं झालं, यावर पुस्तकं वेगवेगळं सांगतात, ते मी माझ्या तोंडानं ठरवत नाही. व्याही म्हणाले यादवाडला जाऊया की मग. गेलो. प्लॅनमध्ये नव्हतं, संध्याकाळ झाली, ड्रायव्हर कुरकुरला, पण ते कुटुंब आजपर्यंत माझ्याकडं माणसं पाठवतंय.

यातनं माझी पद्धत सांगतो, ती मी कुठल्या कोर्समध्ये शिकलो नाही, करत करत बसली. बोलताना तीन गोष्टी कानाला वेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत. कोरलेलं किंवा कागदावर लिहिलेलं असेल तर "लेखात असं आहे" म्हणायचं. गावात सांगतात ते असेल तर "गावात असं सांगतात" म्हणायचं, आणि ते मनापासून सांगायचं, खाली मान घालून नाही, कारण लोककथा पण गावाची इस्टेट आहे. आणि स्वतःला वाटतं ते असेल तर "मला असं वाटतं". नंदगडला, कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी हे फार उपयोगी पडतं. १८३१ च्या जानेवारीत त्याला नंदगडला फाशी दिली हे इतिहासात आहे. समाधीवरच्या वडाची गोष्ट, की त्याच्या सोबत्यानं तो लावला, ही लोकांनी जपलेली आहे. दोन्ही सांगा, मिसळू नका. समाधीला नमस्कार करायला येणाऱ्या बाया असतात, त्यांची वेळ झाली की आपण बोलणं थांबवायचं, तेवढी रीत पाळायची.

कित्तूरला लोकांना राणी चन्नम्माबद्दल थोडंफार माहीत असतंच. दत्तक वारस ईस्ट इंडिया कंपनीनं मानला नाही, धारवाडचा कलेक्टर थॅकरे फौज घेऊन आला आणि २३ ऑक्टोबर १८२४ ला मारला गेला, वॉल्टर एलियट आणि स्टीव्हन्सन हे इंग्रज अधिकारी ओलीस धरले गेले, डिसेंबरात कंपनीनं मोठी फौज आणून किल्ला घेतला, राणी बैलहोंगलला कैदेत, १८२९ च्या फेब्रुवारीत तिथंच गेली. हे पाच मिनिटांत होतं. पण ओसाड वाड्यात उभं राहून लोकांना राजवाडा कसा दिसायचा? तिथं एक जागा दाखवतात, ध्रुवतारा बघायचं भोक. बहुतेक जण "इथनं ध्रुव दिसायचा" म्हणतात आणि पुढं जातात. मी तिथं थांबतो. आपण जेवढ्या अक्षांशावर तेवढेच अंश ध्रुव क्षितिजाच्या वर असतो, कित्तूर साडेपंधराच्या आसपास. हात पुढं ताणून मूठ धरली की ती साधारण १० अंश भरते. म्हणजे क्षितिजापासून दीड मूठ. सगळ्यांना हात ताणून दीड मूठ मोजायला लावायची, आजी-आजोबांना पण. मग भोकाकडं बघायला सांगायचं. म्हणजे बांधणाऱ्यानं हे मोजून केलं असणार हे त्यांचं त्यांनाच कळतं. रात्री मुक्कामाला असतील तर जेवणानंतर गच्चीवर पुन्हा मोजतात, फोन करून सांगतात दिसला म्हणून.

शहरातली फेरी वेगळी, ती चालत करायची आणि सकाळी लवकर. स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावला आलेले, आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडं उतरले, नंतर हरिपद मित्र नावाच्या फॉरेस्ट ऑफिसरकडं, ते घर किल्ल्यात आहे, आता तिथं रामकृष्ण मिशनचं स्मारक आहे. भाट्यांच्या मुलानं आठवणी लिहून ठेवल्यात, त्यात संन्यासी असून पान-सुपारी मागितली आणि घरातले चकित झाले असं आहे, हे सांगितलं की ग्रुप एकदम सैल होतो. टिळकांनी होमरूल लीग १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावातच काढली. आणि १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन, गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते इथं. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी उभारणी केली, अधिवेशनाच्या जागेला विजयनगर नाव दिलेलं, पाण्यासाठी विहीर खणली ती काँग्रेस विहीर अजून आहे, शेजारी अधिवेशनाचं स्मारक, वीर सौध. गंगूबाई हनगल तेव्हा लहान होत्या, त्यांनी त्या अधिवेशनात स्वागतगीत गायलं. संगीत आवडणारा एक जरी ग्रुपमध्ये असला तरी विहिरीपाशी हे सांगा, त्याचा चेहरा बघा.

आता कन्नडचं. बोलणं कच्चं असलं तरी चालतंय, सुरुवातीला मराठी आणि हिंदी ग्रुप घ्या. पण वाचता आलंच पाहिजे. खात्याचे बोर्ड, नोटिसा, परवानगीचे अर्ज, देवळातल्या पाट्या, सगळं कन्नडमध्ये. आणि त्याहून मोठं कारण म्हणजे गावातली म्हातारी माणसं, पुजारी, वॉचमन. खरी माहिती त्यांच्याकडं असते आणि ती त्यांच्या भाषेत मागितली की मिळते. चार वाक्यं तुटकी बोला, हसतील, पण बसवून चहा देतील. आपल्यातल्या काही जणांना वाटतं कन्नड शिकलं म्हणजे मराठीपण कमी झालं. मला तसं अजिबात वाटत नाही. मी घरात मराठी, मुलं मराठी शाळेत, आणि हलशीच्या पुजाऱ्याशी कन्नडमध्ये बोलतो, माझं काही कमी झालेलं नाही. बीए झालंय तर जोडीला जुन्या लिपीची ओळख करून घ्या, नागरी शिलालेख, मोडी, हळेगन्नड म्हणजे जुन्या कन्नडची अक्षरं, सगळं येणार नाही पण राजाचं नाव आणि साल तेवढं ओळखता आलं तरी तुम्ही इतरांपेक्षा पुढं.

कोर्सचं म्हणाल तर केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स आहे, इनक्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर नावाचा, घरी बसून करता येतो. राज्याचं पर्यटन खातं पण मधनं मधनं गाईड ट्रेनिंग काढतं आणि ओळखपत्र देतं, त्यासाठी बेळगावच्या जिल्हा पर्यटन कार्यालयात जाऊन नाव देऊन ठेवा, फोनवर होत नाही, जावंच लागतं. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात काम करताना त्यांचे नियम वाचून ठेवा, स्मारकाच्या १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी असते आणि पुढं आणखी २०० मीटर परवानगीचं क्षेत्र, गावकरी हे गाईडलाच विचारतात आणि त्यांच्या घराचा प्रश्न असतो, तेव्हा उगाच काहीतरी ठोकून द्यायचं नाही. भीमगडचं जंगल वन खात्याचं आहे, बारापेडेच्या गुहेत दुर्मिळ वटवाघळं आहेत, रॉटनची म्हणतात, तिथं पैसे कितीही मिळाले तरी परवानगीशिवाय कुणाला नेऊ नका. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं म्युझियम बघायचं तर आधी विचारून वेळ घ्यावी लागते.

बोलायचं तंत्र थोडक्यात. उन्हाकडं तोंड आपलं, पाठ ग्रुपची. सगळे गोळा झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, मागं राहिलेल्या आजींना वाटलं पाहिजे की माझ्यासाठी थांबलेत. एका जागी सात-आठ मिनिटांच्या वर बोलू नका. शाळेच्या पोरांना आधी प्रश्न, मग उत्तर, आणि चुकीचं उत्तर देणाऱ्याला हसू द्यायचं नाही. माईक लावून देवळात बोलणं मला आवडत नाही, दुसऱ्या लोकांचा देव असतो तो. जुन्या कमानीत, छज्जाखाली आग्या मोहोळ आहे का हे आत जायच्या आधी वर बघून घ्या, असेल तर अत्तर-सेंट मारलेल्यांना लांब ठेवा आणि कुणाला धूर करू देऊ नका. उन्हाळ्यात दगडी फरशीवर अनवाणी पाय भाजतात, बॅगेत दोन-चार जाड मोजे टाकून ठेवा. पावसात खानापूरकडं जळवा, मीठ-हळद जवळ पाहिजे. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह कुठं आहे हे तुम्हाला आधी माहीत पाहिजे, निघायच्या आधी सांगायचं, विचारायची वेळ त्यांच्यावर आणू नका. बायकांचे ग्रुप तुमच्याकडं यायचं हे मोठं कारण ठरेल, हे मी अंदाजानं बोलत नाही, माझ्याकडं कितीतरी वेळा विचारणा होते की बाई गाईड आहे का, आणि मला नाही म्हणावं लागतं.

एकटीनं काम करताना काही गोष्टी पहिल्यापासून पक्क्या ठेवा. अनोळखी एकट्या-दुकट्याला आडवाटेच्या ठिकाणी न्यायचं नाही, ग्रुप असेल तरच. ड्रायव्हर ओळखीचा, गाडीचा नंबर घरी कळवलेला. हलशी-भीमगडकडं काही ठिकाणी रेंज जाते तेव्हा किती वाजता परत पोचणार हे आधीच सांगून निघायचं. घरच्यांना एकदा सोबत घेऊन तुमची पूर्ण फेरी दाखवा, म्हणजे रोजचे प्रश्न कमी होतात आणि तुमचा सराव पण होतो.

पैशाचं बोलताना लाजू नका. दर माणशी न लावता ग्रुपला लावा, अर्धा दिवस आणि पूर्ण दिवस असे दोनच, आणि ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, प्रवेश फी, गाडी, जेवण त्यात नाही हे पण लिहून. थोडे पैसे ॲडव्हान्स. सरकारी मराठी आणि कन्नड शाळांना मी कमी घेतो, ते प्रत्येकानं आपलं ठरवावं. कुंदा, करदंट या इथल्या मिठायांच्या दुकानात नेलं की कमिशन देऊ करतात. मी घेत नाही. लोकांना चांगला कुंदा कुठं मिळतो हे विचारायचा हक्क आहे आणि त्यांना खरं उत्तर मिळायला पाहिजे, कमिशन घेतलं की ते उत्तर खरं राहत नाही, आणि मग शिलालेखाबद्दल सांगितलेलं तरी त्यांनी खरं का मानावं.

सुरुवात दोनच ठिकाणांनी करा, हलशी आणि नंदगड, तुमच्या तालुक्यातली. पुढचे काही महिने आठवड्याच्या मधल्या वारी जात राहा, वेगवेगळ्या वेळेला, उजेड कुठल्या मूर्तीवर कधी पडतो हे वहीत लिहा, पुजाऱ्याला नाव-गाव सांगून ठेवा, रामतीर्थाच्या टेकडीची वाट स्वतः चालून बघा. मग तुमच्याच जुन्या शाळेच्या एका वर्गाला न्या, सरांशी बोलून. थोडे का होईना पैसे घेऊनच न्या, फुकट नेलं की पुढं सगळे फुकटच मागतात. ते जमलं की मलप्रभा नदीच्या उगमाला कणकुंबी, तिथलं माउलीचं देऊळ, आणि असोग्याचं रामलिंग असं तिसरं पॅकेज बांधा, नदीच्या काठानं जाणारं, कारण ते अजून कुणी नीट करत नाही आणि गोव्याकडनं चोर्ल्यानं येणारे लोक त्याच रस्त्यावर असतात. किल्ला आणि कित्तूर दुसऱ्या वर्षी. दिवाळीच्या आधी महिनाभर शाळांना पत्रं गेली पाहिजेत, कारण सहलीचं ठिकाण तेव्हाच ठरतं, नंतर कितीही फोन केले तरी उपयोग नाही.